पंचवीस मागवल्या, दहाच झाल्या : फेरारी नार्ट स्पायडरचं प्रकरण

१७ ऑगस्ट २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे इथे आरएम ऑक्शन्सच्या लिलावात एक उघडी, म्हणजे कायमचं छत नसलेली फेरारी विकली गेली : २७५ मालिकेतली नार्ट स्पायडर (स्पायडर म्हणजे उघडी गाडी). चासी क्रमांक १०७०९. लिलावगृहाचा अंदाज १.४ ते १.७ कोटी डॉलरचा होता. बोली थांबली २.५ कोटींवर आणि कमिशन धरून खरेदीदाराला २.७५ कोटी डॉलर मोजावे लागले. त्या वेळच्या दराने साधारण १७० कोटी रुपये. लिलावात विकल्या गेलेल्या फेरारीला तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती.

हीच गाडी १९६८ मध्ये नवी कोरी होती, तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. विक्रेत्याने आपल्या एका जुन्या ग्राहकाला स्वतः फोन करून ‘तू घे’ अशी गळ घातली, तेव्हा ती शोरूममधून हलली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत गाडीत काहीच बदललं नाही. तेच इंजिन, तोच पत्रा, तेच घराणं.

मग बदललं काय? ‘दहाच बनल्या, म्हणून महाग’ हे उत्तर सगळीकडे दिलं जातं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे दाखवण्यासाठीच हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे. त्यासाठी आधी या गाड्यांची कारखान्याकडे मागणी करणाऱ्या माणसाकडे, म्हणजे त्या विक्रेत्याकडे जायला हवं.

मागणी करणारा माणूस

लुइजी किनेत्तीचा जन्म १९०१ मध्ये उत्तर इटलीत, मिलानजवळ झाला. तो अल्फा रोमिओमध्ये मेकॅनिक म्हणून लागला, पुढे पॅरिसला गेला, गाड्या विकू लागला आणि शर्यतींत उतरला. फ्रान्समधल्या ल मां इथली २४ तासांची शर्यत त्याने १९३२ आणि १९३४ मध्ये अल्फा रोमिओ चालवून जिंकली. १९४० मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी एका संघाबरोबर अमेरिकेला गेला आणि युद्धामुळे तिथेच राहिला.

युद्धानंतर एन्झो फेरारी स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधू लागले, तेव्हा त्या अमेरिकेत विकता येतील हे किनेत्तीने फार लवकर ओळखलं. १९४९ च्या ल मांमध्ये त्याने दोन लिटर इंजिनाची छोटी १६६ एमएम चालवली. जोडीदार लॉर्ड सेल्सडन. पण २४ पैकी २२ तासांहून जास्त वेळ चाकावर किनेत्ती एकटाच होता. वय ४८ च्या आसपास. फेरारीचा ल मांमधला हा पहिला विजय. ज्या गाड्या आपण विकणार त्या शर्यतीत उतरवून जिंकायचं, हा त्याचा धंदा करण्याचा रिवाज होता आणि तो त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेलं त्याचं दुकान पुढे कनेटिकटमधल्या ग्रिनिचला गेलं. १९५८ मध्ये त्याने नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम उभी केली. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं नाव झालं नार्ट. १९६५ चं ल मां याच संघाने जिंकलं, मास्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट यांनी चालवलेल्या २५० एलएममधून. फेरारीचा आजवरचा तो शेवटचा नव्हे, पण पुढची अठ्ठावन्न वर्षं शेवटचा ठरलेला ल मां विजय. २०२३ मध्ये तो खंड संपला. म्हणजे किनेत्ती हा कारखान्याकडून गाड्या घेऊन विकणारा निव्वळ एजंट नव्हता. मारानेल्लोत, म्हणजे फेरारीच्या कारखान्यात, त्याचा शब्द ऐकला जायचा. मात्र ऐकला जायचा म्हणजे मानलाच जायचा, असं नाही.

आधीचा एक यशस्वी डाव

उघड्या फेरारीसाठी किनेत्तीने हट्ट धरला तो १९६७ मध्ये पहिल्यांदा नव्हे. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्याने आणि पश्चिम किनाऱ्यावरचे वितरक जॉन फॉन नॉयमन यांनी मिळून फेरारीकडे तगादा लावला होता : अमेरिकेतल्या श्रीमंत, तरुण गिऱ्हाइकाला शर्यतीच्या धाटणीची, कमी लाडाची, छताशिवायची गाडी हवी आहे. त्यातून २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर आली. १९५७ ते १९६३ या काळात लांब आणि आखूड चासीच्या मिळून १०६ गाड्या बनल्या. बांधणी इटलीतल्या मोदेनाच्या सेर्जिओ स्कालिएत्तीच्या कारखान्यात झाली.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण किनेत्तीची १९६७ ची मागणी हवेतून आलेली नव्हती. त्याने हा डाव एकदा खेळून पाहिला होता आणि तो लागला होता.

१९६४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात फेरारीने २७५ मालिका आणली. बंद गाडी २७५ जीटीबी, उघडी २७५ जीटीएस. नावं जोडीची, पण गाड्या सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. जीटीबीला लांब नाक, मागे उतरत गेलेलं छत, टोकाला कापल्यासारखी शेपूट. जीटीएसची बॉडी पिनिनफारिना या गाड्यांची रेखाटनं आणि बॉडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कारखान्यात वेगळ्याच रेषांवर बांधली : शांत, सभ्य, थोडी आधीच्या काळातली. इंजिनाची ताकदही तिला कमी दिलेली. १९६६ मध्ये तिच्या जागी ३३० जीटीएस आली. तीही देखणी, वेगवान आणि आरामाकडे झुकलेली.

किनेत्तीचं म्हणणं साधं होतं. उघडी गाडी हवी आहे, पण ती जीटीबीच हवी. तेच नाक, तेच इंजिन, तोच स्वभाव, फक्त टप नको. कॅलिफोर्नियाची जागा जीटीएसने भरून काढलेली नाही, हे त्याला दुकानात उभं राहून दिसत होतं. त्याच्या मुलाचा, ज्याला सगळे ‘कोको’ म्हणत, या बाबतीत त्याला पाठिंबा होता.

ज्या गाडीचा टप काढायचा होता ती

१९६६ च्या पॅरिस प्रदर्शनात २७५ जीटीबी/४ दाखल झाली. यातला चार म्हणजे चार ओव्हरहेड कॅमशाफ्ट, इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेवर दोन. रस्त्यावर चालवायच्या फेरारीला हे पहिल्यांदाच मिळत होतं. बारा सिलिंडर, ३२८६ सीसी, सहा वेबर कार्बोरेटर, ८,००० आरपीएमला ३०० अश्वशक्ती. ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाखालच्या तळपात्रात साठवण्याऐवजी वेगळ्या टाकीत. त्यामुळे जोरात वळताना पंपाला तेल कमी पडत नाही आणि इंजिन थोडं खाली बसवता येतं.

माझ्या मते या गाडीची खरी करामत मात्र इंजिनात नसून त्याच्या मागे आहे. २७५ मालिकेत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला जोडून ठेवलेला होता. वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं, हा त्याचा फायदा. तोटा असा की इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा लांब शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. दोन्ही टोकं किंचित जरी एका रेषेतून ढळली तरी थरथर सुरू होते. सुरुवातीच्या जीटीबींना हा त्रास होता. जीटीबी/४ मध्ये तो शाफ्ट एका कडक नळीत घातला आणि त्या नळीने इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना पक्के जखडले. आता सगळा सांगाडा एकच वस्तू होऊन चासीवर चार ठिकाणी टेकला. गाडी गुळगुळीत झाली. फेरारी चालवताना गाडीशी झगडावं लागतं ही जुनी तक्रार इथे बरीचशी मिटली.

टप कापण्याच्या दृष्टीनेही या गाडीची घडण सोयीची होती. आजच्या बहुतेक मोटारींत छत, खांब, तळ हे सगळं मिळून ताकद देतं. छत काढलं की गाडी लवचिक होते आणि मग खाली भरपूर लोखंड घालावं लागतं. २७५ ची ताकद मुख्यतः पोलादी नळ्यांच्या चासीत होती आणि पत्रा तिच्यावर बसवलेला. मच्छरदाणी काढली म्हणून खाट मोडत नाही, तसं. चासीला थोडा आधार वाढवावा लागला, पण मूळ गाडीचा हलकेपणा आणि ताठपणा फारसा गेला नाही. ‘फक्त टप नको’ ही किनेत्तीची मागणी म्हणूनच तांत्रिकदृष्ट्या भाबडी नव्हती.

मोदेनात

एन्झो फेरारींना या कल्पनेत फार रस नव्हता. ते साल आठवलं की त्यात नवल वाटत नाही. १९६६ मध्ये फोर्डने ल मांमध्ये फेरारीची सद्दी मोडली होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाला फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावून त्याची परतफेड केली. तिसऱ्या आलेल्या ४१२ पी गाडीवर नार्टचंच नाव होतं. कारखान्याचं सगळं चित्त या लढाईत गुंतलेलं. त्यात कॅटलॉगमध्ये ३३० जीटीएस ही उघडी गाडी होतीच. दुसरी कशाला?

शेवटी काम स्कालिएत्तीकडे गेलं. सेर्जिओ स्कालिएत्ती मोदेनाचा. पोरवयात बॉडीच्या वर्कशॉपमध्ये लागलेला आणि हातोडीने ॲल्युमिनिअमला आकार देण्यात वाकबगार. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून डोळ्यांच्या अंदाजाने ठोकत आकार काढायचा, ही त्याच्या कारखान्याची ख्याती. जीटीबीचं रेखाटन पिनिनफारिनाचं असलं तरी तिची बॉडी स्कालिएत्तीकडेच बनत असे. म्हणजे जी माणसं रोज जीटीबी ठोकत होती, त्यांनाच तिचं उघडं रूप काढायला सांगितलं गेलं.

आरी चालवली की झालं, असं ते काम नाही. जीटीबीचं छत शेपटीपर्यंत उतरत जातं. ते काढलं की सीटच्या मागे एक मोठी पोकळी उरते. तिथे नवी सपाटी तयार करावी लागली, डिकीचं झाकण नव्याने घडवावं लागलं, घडी होणाऱ्या कापडी हुडासाठी जागा काढावी लागली आणि या सगळ्याची रेषा मूळ पाठीमागच्या फुगीर चाककमानींशी जुळवावी लागली. नार्ट स्पायडर बाजूने पाहिली की ती रेषा कुठेही तुटत नाही. मुळात उघडीच कल्पिली असावी, असं वाटतं. माझ्या लेखी स्कालिएत्तीच्या हातून घडलेल्या सर्वांत सुंदर गाड्यांमध्ये ही अगदी वर आहे. मागच्या बाजूला नार्टचं मिन्याचं छोटं पदक लावलं गेलं, तेवढीच या गाडीची जाहीर ओळख.

किनेत्तीने २५ गाड्यांची मागणी नोंदवली होती.

तीन दिशांनी प्रसिद्धी

पहिली गाडी, चासी ०९४३७, ॲल्युमिनिअमच्या बॉडीची आणि फिक्या पिवळ्या रंगाची होती. किनेत्तीने ती शोरूमच्या काचेत ठेवली नाही. १ एप्रिल १९६७ ला फ्लॉरिडातल्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत उतरवली. चालवायला दोन स्त्रिया : डेनिस मॅक्लगेज आणि पिंकी रोलो. मॅक्लगेज पत्रकार होती, न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये लिहीत असे, आणि १९६१ मध्ये याच सेब्रिंगला तिने फेरारीतून जीटी वर्ग जिंकला होता. तेव्हा तिला गाडी देणं हा नुसता प्रसिद्धीचा खेळ होता असं म्हणता येत नाही. तिचा हात तितकाच पक्का होता. शर्यत ब्रूस मॅक्लारेन आणि मारिओ आंद्रेत्ती यांच्या फोर्डने जिंकली. आलिशान उघडी रोडकार बारा तास न मोडता धावली आणि सतराव्या क्रमांकावर आली. विमानतळाच्या काँक्रीटवर आखलेला सेब्रिंगचा तो खडबडीत ट्रॅक भल्याभल्या रेसिंग गाड्यांची हाडं खिळखिळी करायचा, हे ध्यानात घेतलं तर सतरावा क्रमांक लहान वाटत नाही.

त्यानंतर तीच गाडी अमेरिकेतल्या रोड अँड ट्रॅक मासिकाच्या हाती गेली. सप्टेंबर १९६७ च्या अंकात तिची चाचणी छापून आली आणि तिच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला. याच सुमारास तिला गडद मरून रंग देऊन ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात वापरलं गेलं. स्टीव्ह मॅक्वीन आणि फे डनवे यांचा हा चित्रपट १९६८ मध्ये लागला. त्यात ही गाडी डनवेच्या पात्राची आहे. मॅक्वीन स्वतः गाड्यांचा दर्दी. त्याने लगेच स्वतःसाठी एक नार्ट स्पायडर घेतली.

शर्यत, मासिक आणि सिनेमा. एका छोट्या वितरकाने एका गाडीच्या जोरावर एका वर्षात एवढं साधणं आजच्या जाहिरात कंपन्यांनाही जड जाईल. आणि तरीही गाड्या विकल्या गेल्या नाहीत.

का विकल्या नाहीत

इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबू.

किंमत हे पहिलं कारण. चौदा-पंधरा हजार डॉलरच्या आसपासची ही गाडी. त्याच वर्षी अमेरिकेत बनलेली कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल सव्वाचार हजारांच्या आसपास मिळत होती, तिचा सुटा भाग कुठल्याही गावात मिळायचा आणि गल्लीतला मेकॅनिक ती दुरुस्त करायचा. सहा वेबर कार्बोरेटर एका सुरात लावू शकणारा माणूस मात्र अख्ख्या राज्यात एखादाच सापडे. पण एवढ्यावर भागत नाही, कारण महाग फेरारी घेणारे लोक होतेच. तेच लोक ३३० जीटीएस घेत होते, तिच्या शंभर गाड्या बनल्या.

म्हणजे उघडी फेरारी हवी असणारा बहुसंख्य ग्राहक आराम शोधत होता. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने, हवा खात, बायको-मैत्रिणीचे केस फार न उडवता जायचं. त्याला मोठं, सहज ओढणारं इंजिन हवं होतं. ज्याला ८,००० आरपीएमपर्यंत ओरडणारं इंजिन हवं होतं, त्याला वाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. तो बंद जीटीबी/४ घ्यायचा, आणि तिच्या तर सव्वातीनशेच्या आसपास गाड्या गेल्या. किनेत्तीची गाडी या दोन ग्राहकांच्या मधोमध उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी कॅलिफोर्निया घेणारा एकच माणूस शनिवारी फिरायला आणि रविवारी शर्यतीला तीच गाडी नेत असे. १९६७ पर्यंत शर्यतीच्या गाड्या इतक्या पुढे गेल्या होत्या की असा रविवार उरलाच नव्हता. मला वाटतं किनेत्तीची नजर चुकली ती इथेच. गाडी त्याने अचूक ओळखली. ती घेणारा माणूस मात्र त्याच्या मनात अजून १९५९ चा होता.

तिसरी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून बांधल्या जाणाऱ्या मोटारींना केंद्र सरकारचे नवे सुरक्षा नियम लागू झाले आणि १९६८ च्या मॉडेलांपासून धुराच्या मर्यादाही देशभर आल्या. फोर्ड किंवा जनरल मोटर्सला हा खर्च लाखो गाड्यांवर पसरता येत होता. वर्षाला काही शे गाड्या बांधणाऱ्या कारखान्याने, संपत आलेल्या मॉडेलच्या एका खास आवृत्तीसाठी, एका देशापुरती तयारी कशासाठी करावी? २७५ चे दिवस भरतच आले होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये पॅरिसला ३६५ जीटीबी/४, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘डेटोना’, आली आणि २७५ एका रात्रीत जुनी झाली.

दहा गाड्यांवर काम थांबलं. उरलेल्या पंधरा कधी बांधल्याच गेल्या नाहीत.

तेव्हा दहा हा आकडा कोणी ठरवून आखलेला नाही. आज कंपन्या आधीच जाहीर करतात की अमुक इतक्याच गाड्या बनवू, आणि त्या लोकांसमोर येण्याआधीच विकल्या गेलेल्या असतात. नार्ट स्पायडर त्या जातीची नाही. ती दुर्मीळ झाली कारण तिची विक्री फसली.

१०७०९ चं घर

नॉर्थ कॅरोलिनातल्या लेक्सिंग्टन या गावी एडी स्मिथ राहत असे. लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरपलेला, हातात काही नसताना सुरुवात करून टपालाने माल विकण्याच्या धंद्यात उभा राहिलेला माणूस. किनेत्तीकडून त्याने आधीही फेरारी घेतल्या होत्या, दोघांत दोस्ती होती. सुरुवातीच्या लिलावातल्या १०७०९ साठी किनेत्तीने त्यालाच गळ घातली, तीही जवळपास खरेदीच्या भावात. विक्रेता म्हणून किनेत्तीचा हा पराभव होता. पण गाडी कोणाच्या दारात गेली तर नीट राहील, हे त्याला बरोबर कळलं, असं मला म्हणावंसं वाटतं.

स्मिथने ती वापरली. तिजोरीत ठेवण्याचं मोल तेव्हा तिला नव्हतंच; चालवण्यासाठी घेतली आणि चालवली. सत्तरीच्या दशकात तेलाचे भाव भडकले, बारा सिलिंडरच्या गाड्या कवडीमोल झाल्या, तरी विकली नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फेरारींच्या भावांना वेड लागलं, तेव्हाही विकली नाही, आणि नव्वदीत तो फुगा फुटला तेव्हाही नाही. २००७ मध्ये तो वारला. २०१३ मध्ये मुलांनी गाडी लिलावाला काढली आणि येणारी सगळी रक्कम धर्मादाय कामांना देण्याचं आधीच जाहीर केलं. खरेदी केली ती कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांनी, असं वृत्तपत्रांत आलं.

दहाच्या आकड्याने किती सांगितलं जातं

आता मूळ प्रश्नाकडे. केवळ कमी संख्येमुळे भाव येत असता, तर ३६५ कॅलिफोर्नियाचं काय? १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आलेली ही उघडी फेरारी, पिनिनफारिनाने बांधलेली, ४.४ लिटर इंजिनाची, त्या वेळी कॅटलॉगमधली सर्वांत महाग गाड्यांपैकी एक. एकूण १४ बनल्या. साल तेच, कंपनी तीच, संख्या जवळपास तेवढीच. तिचे लिलावातले भाव मात्र काही दशलक्ष डॉलरच्या घरात राहिले, नार्ट स्पायडरच्या जवळपासही नाहीत.

उलट बाजूने पाहा. आखूड चासीच्या २५० कॅलिफोर्निया स्पायडर पन्नासहून जास्त बनल्या. त्यातली एक फ्रान्समधल्या एका शेतघरात कित्येक वर्षं मासिकांच्या ढिगाखाली धूळ खात पडली होती. ॲलां दलों या नटाने कधीकाळी वापरलेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्तक्युरियालच्या लिलावात तिला १.६३ कोटी युरो मिळाले. पन्नासातली एक चौदातल्या एकीपेक्षा कितीतरी पटींनी महाग ठरते, तेव्हा कमी संख्येचा हिशेब तिथेच कोलमडतो.

मग नार्ट आणि कॅलिफोर्निया स्पायडर यांच्यात समान काय आहे? दोन्ही किनेत्तीच्या आग्रहातून आल्या. दोन्ही स्कालिएत्तीने ठोकल्या. दोन्ही खरोखर शर्यतीत उतरल्या. दोन्हींत बंद गाडीचं तेज इंजिन काही कमी न करता दिलेलं आहे. ३६५ कॅलिफोर्निया ही देखणी, आरामशीर, मोठी गाडी; तिच्या अंगावर रेसिंगचा ओरखडा नाही. पंचवीस-तीस वर्षांनी जुन्या गाड्यांसाठी पैसा मोजणारी नवी पिढी आली, तेव्हा तिला आराम नको होता. तो तिला कुठल्याही नव्या गाडीत मिळत होता. तिला हवं होतं ते इंजिनाचं ओरडणं, हातात येणारं स्टिअरिंग, धातूच्या खाचांत खट्कन बसणारा गिअर. म्हणजे १९६७ मध्ये ज्या गोष्टींमुळे गिऱ्हाईक बिचकलं, त्याच गोष्टींसाठी २०१३ मध्ये बोली चढली.

कमी संख्येने यात भर घातली, हे खरंच आहे. हवी असणारी माणसं शेकडो आणि गाड्या दहा. त्यातल्याही बाजारात येणारी दहा-दहा वर्षांत एखादी. ०९४३७, ती सेब्रिंगची आणि सिनेमाची पहिली गाडी, २००५ मध्ये गुडिंगच्या लिलावात ३९.६ लाख डॉलरना गेली होती. इतिहासाने श्रीमंत तीच. आठ वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीला जवळपास सातपट मिळाले. या फरकाचं श्रेय मी गाडीला देणार नाही. २००८ च्या मंदीनंतर मोठा पैसा शेअर बाजारातून बाहेर पडून हाताला लागणाऱ्या वस्तूंकडे वळला, आणि जुन्या फेरारी हे त्याचं आवडतं ठिकाण ठरलं. त्या लाटेने सगळ्याच होड्या वर नेल्या. नार्ट स्पायडरची अंगची थोरवी त्या लाटेहून जुनी आहे.

कापलेले टप

या प्रकरणाचा एक परिणाम फार चर्चेत येत नाही. उघडी फेरारी बंद फेरारीहून कितीतरी महाग आहे हे दिसू लागल्यावर लोकांनी बंद गाड्यांचे टप कापायला सुरुवात केली. डेटोनाचं अधिकृत उघडं रूप ३६५ जीटीएस/४ कारखान्याने सव्वाशेच्या आत बनवलं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत बंद डेटोना कापून केलेल्या स्पायडर बऱ्याच झाल्या. २७५ जीटीबींवरही तशीच आरी चालली. मला हे मनापासून वाईट वाटतं. नार्ट स्पायडर सुंदर आहे, पण जीटीबी/४ चं ते उतरत जाणारं छतही तितकंच सुंदर आहे, आणि कापलेलं प्रत्येक छत एकेका मूळ गाडीला वजा करत गेलं.

आज अस्सल नार्ट स्पायडर ओळखण्यात शंका राहत नाही. दहाही चासी क्रमांक जाणकारांना तोंडपाठ असतात आणि कारखान्याच्या नोंदींशी इंजिन-गिअरबॉक्सचे क्रमांक ताडून पाहता येतात. प्रश्न उरतो तो कापलेल्या गाड्यांचा. मॅक्वीनची दुसरी २७५, बंद जीटीबी/४, चासी १०६२१, हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. मॅक्वीनच्या नंतर पुढच्या एका मालकाने ऐंशीच्या दशकात तिचा टप कापून तिला नार्ट स्पायडरचं रूप दिलं. पुढे ती ज्याच्याकडे आली, त्याने ती मारानेल्लोला फेरारीच्याच क्लासिके, म्हणजे जुन्या गाड्या पूर्ववत करणाऱ्या विभागाकडे पाठवली आणि तिथे छत नव्याने घडवून पुन्हा बसवलं गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये, १०७०९ विकणाऱ्या आरएमच्याच मॉंटेरेतल्या लिलावात, ही परत बंद झालेली गाडी १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलरना गेली. साध्या जीटीबी/४ च्या भावापेक्षा कितीतरी वर. त्यानंतर कापलेल्या २७५ आणि डेटोनांच्या मालकांमध्ये पुन्हा छत चढवण्याचा विचार वाढला. खर्च अफाट येतो, कारण मूळ पत्रा केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि ठोकून आकार काढणारे हात मोदेनाच्या परिसरातही आता थोडेच उरले आहेत.